गुळण्यांचा दुसरा पेला

तुम्ही हसाल, पण सांगतो. कोरोनात आमची ही आतल्या खोलीत एकटी पडली होती. आम्ही पेणच्या खाडीकाठी आणि मुलगा रोह्याला कंपनीत अडकलेला. घरात दोघंच, मध्ये बंद दार. डॉक्टरांनी दोघांनाही मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला सांगितलं होतं. रोज सकाळी मी तिच्या खोलीच्या मागच्या पायरीवर पेला भरून ठेवायचो. गुळण्यांचा आवाज आला की समजायचो, ही आहे अजून.

पाचव्या सकाळी आवाज आला. तीन गुळण्या, मग नाकाने पाणी ओढल्याचा सुरका, मग खाकरणं. मी दाराशी जाऊन म्हटलं, "आज नाकपण धुतलंस गो? बरं वाटतंय?"

आतून बारीक आवाज आला, "मी उठलेच नाय अजून. अंगात ताकद कुठंय?"

मागे जाऊन बघितलं. मागच्या दाराला आतून कडी होती. पेला रिकामा, पायरीवर पालथा घातलेला. आमचे बाबा जन्मभर मिठागरात राबले. कामावर निघताना ते असंच नाक धुवायचे आणि पेला असाच पालथा घालायचे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून गुपचूप दोन पेले ठेवायला लागलो. ही बरी झाली, तरी ठेवत राहिलो. एकदा मीठ घालताना तिने मागून बघितलं.

"दुसऱ्यात चिमूटभर जास्त टाका," ती म्हणाली. "मामंजींना आळणी चालत नाय."