कागद लावलेली खिडकी

दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी बहिणी बसल्या होत्या. धाकटीचा नवरा आत ऑक्सिजनवर होता.

"ताई, आंघोळीला गेले ते बाहेरच येईनात. दार फोडलं, तर खाली पडलेले."

"गॅस गीझरच ना? वास नाही आला?"

"डॉक्टर म्हणाले, गॅस जळताना जो विषारी वायू होतो, त्याला वासच नसतो."

"आणि खिडकी?"

"थंडी येते म्हणून मीच तिला कागद चिकटवला होता गं."

"घरी कोण आहे आता?"

"सासूबाई. आंघोळ उरकून येते म्हणाल्या. त्यांना वाटतंय, यांना नुसती चक्कर आली."

"अगं, मग फोन लाव आधी!"

"लावलाय. नुसता वाजतोय... आई! गीझर लावलात? बंद करा आणि आहात तशा बाहेर या. नाही, आत्ताच! बोलत राहा, आई... आल्या गं ताई, जिन्यात आल्या."