खालच्या अंगाचा तडा

काका : ...आणि खरं सांगू का मिस्त्री, मला तर इंजिनाच्या या ब्लॉकात काही दम वाटत नाही. गंजलाय.

मिस्त्री : गंज कुठाय? चकचकीत आहे की! रोज पुसता वाटतं?

काकू : रोज. यांना स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण याच्यावरचा धुळीचा कण सापडतो.

काका : तुम्ही आधी तो तडा बघा. खालच्या अंगाला. मला कालच दिसला.

मिस्त्री : बघू हो. पहिलं माप घेतो... वा! चारही सिलिंडर कारखान्यातून आले तसेच. एकदाही कातलेले नाहीत. काका, गाडी पळवलीत की नाही कधी?

काका : एकच शर्यत. सातवा आलो.

मिस्त्री : सातवा म्हणजे वाईट नाही!

काकू : गाड्या किती होत्या ते विचारा.

काका : सात.

मिस्त्री : बरं. बाकीची गाडी कुठाय?

काकू : भंगारात. दारं गेली, चाकं गेली, इंजिनाचा हा ब्लॉक तेवढा राहिला. 'याच्याभोवती नवी गाडी उभी करतो' म्हणाले. तेव्हा मुलगी रांगत होती. आता ती स्वतःचं बाळ घेऊन येतेय शनिवारी, आणि या खोलीत पाळण्याला जागा नाही. किती येतील हो याचे?

मिस्त्री : ठोकून सांगतो. (हातोडीचा लांबत गेलेला ठण्ण आवाज.) ऐकलंत? घंटा! तडा असता तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला असता. शर्यतीसाठी खास ओतलेला माल आहे, काकू. नवी कोरी स्कूटर येईल याच्या पैशात.

काकू : अगंबाई!

काका : पण तडा...

मिस्त्री : हां, तडा. हा होय? कमाल आहे. सगळ्यात जाड जागी! इथे तडा गेलेला मी बापजन्मात पाहिला नाही. थांबा, रॉकेल लावून पुसतो आणि वर खडूची पूड टाकतो. खरा तडा रॉकेल पिऊन बसतो, मग खडूवर रेघ उमटते.

काका : रॉकेल नको! म्हणजे... वास येतो.

काकू : येऊ दे.

मिस्त्री : लावलं. पुसलं... काका.

काका : हं.

मिस्त्री : तडा फडक्यावर आला.

काकू : म्हणजे?

मिस्त्री : पेन्सिल आहे, काकू. मऊ शिसाची. बाकी काढलाय झकास. टोकाकडे बारीक होत गेलाय.

काकू : अहो, तुम्ही?

काका : दोनदा खोडून पुन्हा काढला. नीट जमतच नव्हता.

काकू : सरळ 'विकायचा नाही' म्हणायला काय झालं होतं?

काका : म्हणणार होतो. तेवढ्यात तू यांना फोन लावलास. आणि तुझंही बरोबरच होतं, बाळाला जागा हवीच... आयुष्यात एकदाच जोरात गेलो गं मी. ते याच्यावर.

काकू : सातवे.

काका : सातवा. पण पोचलो.

मिस्त्री : मग काकू, टेम्पो बोलावू ना?

काकू : टेम्पो कशाला? एक बाजू तुम्ही धरा, एक हे धरतील. पलीकडे आमच्या खोलीत न्यायचा. पलंगाशी, यांच्या बाजूला.

काका : अगं, तिथे तुझं शिलाई मशीन आहे ना?

काकू : ते खिडकीशी जाईल. कंबर सांभाळून उचला.