दुमिसाची कातडी

सिस्टर नोबंतू : तुरुंगातून भावाचं पत्र येऊन पडलंय. त्याला उत्तर द्यायचंच नाही का, लुवुयो?

लुवुयो : जाळून टाका ते. जळका वास या वॉर्डाला काही नवा नाही.

नोबंतू : जीभ तेवढी शाबूत राहिली तुझी! ऐक. तुझ्या पेशी वाढवून यंत्रावर नवी कातडी छापायची होती. जंतूंनी त्या पेशीच खाल्ल्या. आता आणखी घ्यायला तुझ्या अंगावर चांगली जागा नाही. आणि अशा उघड्या जखमांनी तू फार दिवस काढणार नाहीस.

लुवुयो : मग दुसऱ्या कुणाची घ्या.

नोबंतू : परक्याची कातडी अंग झिडकारतं रे. तुम्ही एकाच बीजाचे जुळे. दुमिसाची तेवढी तुझं अंग आपली म्हणून घेईल.

लुवुयो : आपली! दुकानदाराला भोसकलं त्यानं आणि वस्तीनं धरलं मला. गळ्यात टायर अडकवला, वरून पेट्रोल ओतलं. मी बोंबलतोय, अरे मी लुवुयो, मी लुवुयो! आणि ते हसतायत. म्हणे, चोर भावाचंच नाव सांगणार.

नोबंतू : ते कळल्यावर तो स्वतः पोलिसांत गेला.

लुवुयो : मी जळून झाल्यावर! इथं आणलात तर दातांनी नरडं फोडीन त्याचं.

नोबंतू : फोड. आधी डॉक्टरांना त्याच्या मांडीचा तुकडा घेऊ दे.

लुवुयो : हसवू नका, सिस्टर. छाती फाटते.

नोबंतू : आणि तू मेलास तर? आपल्या खोसा लोकांची रीत विसरलास?

लुवुयो : उरलेल्या जुळ्यानं आधी खड्ड्यात निजायचं. मग दुसऱ्याची पेटी उतरवायची.

नोबंतू : त्यासाठी तुरुंगवाले त्याला नक्की सोडतील. कातडीसाठी मात्र तुझा होकार लेखी मागतात.

लुवुयो : शेजारच्या एका जुळ्याला असं निजवताना आम्ही पाहिलं होतं. लहान होतो. दुमिसानं माझा सदरा मुठीत धरला, तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

नोबंतू : मग?

लुवुयो : कागद घ्या. माझ्या बोटांत काही धरवत नाही. लिहा : दुमिसा, तुला माफ केलेलं नाही. पण माझ्या खड्ड्यात तुला निजू देणार नाही. इथं ये आणि खाटेवर नीज.

नोबंतू : खाली नाव?

लुवुयो : लुवुयो. मोठ्या अक्षरांत.

(थोड्या वेळानं.)

लुवुयो : टाकलंत?

नोबंतू : फाटकाजवळच्या टपालपेटीत. आत्ताच.

लुवुयो : मग फाटकावरच्यांनाही सांगून ठेवा. माझा जुना चेहरा घेऊन एक माणूस येईल. त्याला कुणी मारू नका.