जुन्या मशीनवर उघडलं नाही

नाही नाही, तू बस ना आधी, अपर्णा — उभ्यानं नको बोलू — हिंदीतच बोल, मले चालते, आमच्या घरची पोट्टी पण हिंदीतच उत्तर देते. काय विचारून राहिली तू? का निरंजन काका, तुमच्या त्या पत्रामुळे बाबाले रक्तपेढीतून घरी काहून बसवलं? अगं, मी हिरालालचं, तुझ्या बाबाचं, नाव नाही लिहिलं. मी एवढंच लिहिलं का सॉफ्टवेअर ठीक होतं, मशीनवर बसणाऱ्याकडून काही बदललं गेलं असंल. असंल — असंच लिहिलं. आता रक्तपेढीच्या ट्रस्टवाल्यांनी त्याचा काय अर्थ काढला, तो माझा दोष आहे का? मशीनवर बसते कोण? हव, तुझे बाबाच बसते. एकटेच. बावीस वर्षं झाले.

हे पाहा, तुले समजावून सांगतो, मग तूच ठरव. तो प्रोग्राम मी पायथॉन भाषेत लिहिला. सिकलसेलच्या लेकरांले नुसता रक्तगट जुळून भागत नाही, आतले बारीक गुण पण जुळावे लागते — तर फ्रिजमधली कोणती पिशवी कोणाले चालते, ते त्यात एका क्लिकवर निघते. रक्तपेढीतली मशीन जुनी, तिच्यावरचं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम, ते पण जुनं, इंटरनेट नाही. म्हणून मी सगळं एकाच फाइलीत बांधून देतो — प्रोग्राम, पायथॉन, खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी, सगळं — पेनड्राइव्हनं टाकलं का चालू. फक्त एक गोष्ट त्यात बांधत नाही, लिनक्सची बुडाची लायब्ररी, जिच्यावर बाकी सगळं उभं राहते. ती ज्या मशीनवर चालवायचं तिथलीच घ्यावी लागते. म्हणून बांधायचं ते जुन्या लिनक्सवर. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालते, नव्यावर बांधलेलं जुन्यावर उघडतच नाही. मी त्यासाठी एक जुनं लिनक्स मुद्दाम ठेवलं आहे, नेहमी तिथंच बांधतो. नेहमी — म्हणजे तो एक रविवार सोडून.

त्या दिवशी पुतणीचा साखरपुडा होता, बायको विनोदिनी दारात गाडी चालू करून उभी, आणि जुन्यावर बांधायले चाळीस मिनिटं लागते — नव्या लॅपटॉपवर पाच. मी म्हटलं बदल तर इवलासा आहे, एक रकानाच तर वाढवला. जाता जाता रस्त्यात तात्यापारा चौकात तुझ्या बाबाच्या हातात पेनड्राइव्ह दिला. त्यांनी विचारलं, "चालवून पाहिलं ना साहेब, आपल्या मशीनसारख्यावर?" मी म्हटलं, हव.

सोमवारी सकाळी ती सिकलसेलवाली सोनिया रक्त चढवायले आली, नऊ वर्षांची, दुखण्यानं वाकून गेलेली. तुझ्या बाबानं क्लिक केलं — काही नाही. एरर नाही, खिडकी नाही, काहीच नाही. मले फोन केला, तीन वेळा — चार? हव, चार. मी मीटिंगमधे होतो, पत्रात पण तेच लिहिलं आहे. ... नव्हतो. घरीच होतो, इथंच, ह्याच खुर्चीवर, फोनकडे पाहून राहिलो होतो. पहिल्याच रिंगले कळलं मले काय झालं असंल ते, म्हणून तर नाही उचलला. आणि तो माणूस जुनं रजिस्टर काढून एकेक पिशवी जुळवत बसला, अडीच तास. पिशवी सापडली तोवर पोरगी बेशुद्ध. आठ दिवस मोठ्या दवाखान्यात — आता घरी आहे, चौकशी केली मी, दोनदा केली. तुझ्या बाबामुळे वाचली ती, हे मले कोणी सांगायची गरज नाही.

दुपारी मी गेलो. जुन्यावर बांधलेली फाइल टाकली, आधीची पुसली, आणि सगळ्यांसमोर क्लिक करून दाखवलं — पाहा, ठीक तर आहे. तुझे बाबा बाजूलेच उभे होते. मले वाटलं, त्यांले कळलंच नाही, ते कुठं कॉम्प्युटर शिकलेले —

हे काय? तुझा मोबाइल? दाखव. ... हे टर्मिनल आहे. त्यांनी टर्मिनलमधून चालवलं? मीच शिकवलं होतं त्यांले, काळ्या खिडकीत नाव टाइप करून चालवा, म्हणजे काय अडलं ते लिहून येते. सोमवार, दहा वाजून बारा मिनिटं. शेवटची ओळ — व्हर्जन नॉट फाउंड. हव, त्याच बुडाच्या लायब्ररीची, मशीनवरची जुनी पडली म्हणते. म्हणजे मी तिथं क्लिक करून दाखवत होतो तेव्हा हा फोटो त्यांच्या खिशात होता? आणि कोणाले दाखवला नाही? काहून? ... काय म्हणाले? पुन्हा सांग. साहेब स्वतःच सांगतील, म्हणाले?

तिथला कागद दे. पेन आहे माझ्याजवळ. "तांत्रिक अडचणीमुळे प्रोग्राम उघडला नाही" — नको पाहू तशी, खोडतो. "मी न तपासता दिल्यामुळे." ठीक आहे? "हिरालाल मेश्राम यांचा यात कोणताही दोष नाही." ट्रस्टवाल्यांची मीटिंग तीनले आहे ना? तर तू जाय आता, मी पूर्ण करून स्वतः घेऊन येतो — नाही. नाही, तू बस. मी आणतो म्हटलं तर मी येणार नाही, मले माहीत आहे. सही होईपर्यंत उठू नको. आणि आता बोलू नको काही.