सुजाताच्या कॅसेटची आरती

हसू नका, पण मी एकदा इंग्रजी गाण्यांना हात जोडलेत. आम्ही डोंबिवलीत राहायचो तेव्हाची गोष्ट. शेजारून टाळ्या ऐकू आल्या. म्हटलं, आरती दिसते, म्हणून प्रसादाला वाटी घेऊनच गेले. बघते तर सुजाता एकटी, दहावीचं पुस्तक मिटलेलं आणि टेप चालू.

“टाळ्या कोण वाजवतंय गं?”

“मशीन वाजवतं, काकू.”

“आणि पेटी?”

“तेही मशीनच.”

“मग माणसं काय करतात?”

तेवढ्यात जिन्यात तिच्या वडिलांच्या चपला वाजल्या. पोरीचा चेहरा उतरला. “काकू, नाना आता ही कॅसेट फेकूनच देणार.” ती टेप बंद करायला गेली, तर घाबरून आवाजच वाढवला.

मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, हात जोडले आणि टाळ्यांचा ठेका धरला. नाना आले, गोंधळले, आणि तेही टाळ्या वाजवायला लागले. मग गाणारा इंग्रजीत सुरू झाला.

नाना हळूच म्हणाले, “वहिनी, परदेशी भक्त दिसतात.”

कॅसेट वाचली. पण पुढे दर गुरुवारी नाना स्वतः ती लावायला सांगायचे आणि मला वाटी घेऊन बोलवायचे. त्यांना खरंच कळलं नव्हतं, की त्यांना सगळं कळलंय हे आम्हालाच कळलं नाही, देव जाणे.