येसूच्या टिकल्या

(एरंडोल. निवृत्त शिक्षक अमृत सर यांच्या घरातली रेडिओची खोली, सकाळची वेळ. सर आंघोळीला गेले आहेत. धुळ्याहून आलेले त्यांचे मित्र प्रेमराज टेबलावरच्या जुन्या हॅम रेडिओ सेटच्या, म्हणजे दूरच्या हौशी मंडळींशी बोलायच्या बिनतारी यंत्राच्या, वायरी सोडवत आहेत. सरांची पत्नी कोकिळा दारात उभी.)

कोकिळा : न्या हो प्रेमराजभाऊ, वायरीसकट न्या. मागे तिची एक खूण ठेवू नका.

प्रेमराज : वहिनी, येसू हे या सेटच्या जपानी कंपनीचं नाव आहे. तुम्ही तर सवत घराबाहेर काढल्यासारखं बोलताय.

कोकिळा : मंग दुसरं काय शे? नवी नवरी होते मी. हे पहाटे उठायचे, दार लोटायचे आन् आत सुरू, "प्रेमराज, माझ्या येसूचा आवाज ऐक, काय गोड आहे!" मी दाराआड उभी. मले वाटलं, धुळ्याले बाई ठेवेल शे, आन् तुम्ही मधले निरोपे!

प्रेमराज : अरे देवा! सर कधी बोलले नाहीत हे.

कोकिळा : कोन्या तोंडानं बोलतील? मी धरणगावले माहेरी निघून गेलते. शेवटी आमचे आबा आले, पेटी उलटीसुलटी करीसन पाहिली आन् म्हणे, "पोरी, हिले तर हातपाय बी नही. जा, नांद."

प्रेमराज : आणि तुम्ही नांदलात.

कोकिळा : सवतीसंगं. पण मले एक सांगा. तुम्ही आयकॉमवाले, हे येसूवाले. दोन्ही पेट्या जपानच्याच. मंग इतकी वर्षं भांडताय कसाले?

प्रेमराज : खरं सांगू? ज्याचा पहिला सेट ज्या कंपनीचा, तो जन्मभर तिचा. हाताला वळण पडतं. बटण कुठे आहे हे शोधावं लागत नाही, हात आपोआप जातो. मग त्यावर आपण कारणं रचायची. मी म्हणतो, माझ्या आयकॉमचा पडदा बघा, कोण कुठे बोलतोय ते सगळं डोळ्यांसमोर उमटतं. सर म्हणतात, रेडिओ ऐकायचा असतो, बघायचंच असेल तर टीव्ही घे. धुळ्याला आम्ही हॅमवाले जमलो की चहालासुद्धा दोन टोळकी होतात.

कोकिळा : सासर-माहेरासारखं शे म्हणा.

प्रेमराज : तसंच. आणि म्हणूनच भूषणने मला विचारलं, पप्पांना कोणता सेट घेऊ, तेव्हा मी लगेच आयकॉम सांगितला. नुसत्या पडद्यावर बोट लावून चालणारा. मनात म्हटलं, जिंकलो! पण वहिनी, तो सेट घरात आला आणि सर हवेवरून गायबच झाले. रोज सकाळी मी हाका मारतो, उत्तर नाही. फोन केला की म्हणतात, वातावरण खराब आहे. एरंडोलचं वातावरण खराब आणि धुळ्याचं चांगलं, असं कुठे असतं का?

कोकिळा : रुसले शेत. येसू जाणार म्हणून.

प्रेमराज : अहो, पण घेऊन जा असं त्यांनीच सांगितलं मला.

कोकिळा : पोराले वाईट वाटू नही म्हणून. भूषण पुण्याहून फोन करतो, "पप्पा, नवा सेट कसा आहे?" हे म्हणतात, "झकास!" आन् फोन ठेवला का येसूवरून हात फिरवत बसतात.

प्रेमराज : हे काय, वहिनी? सेटवर टिकल्या कुणी लावल्या?

कोकिळा : आते पहा! म्हणून तर म्हणते न्या. म्हातारा माणूस मशीनले नटवतो. माझ्या पाकिटातल्या टिकल्या! साध्या नको, खड्याच्याच पाहिजेत तिले. मी विचारलं, तर म्हणे, "शोभतात." शेजारच्या कमलबाईनं पाहिलं आन् गल्लीभर केलं. मले तोंड दाखवाले जागा नही राहिली.

प्रेमराज : थांबा जरा. ही आवाजाच्या बटणावर. या दोन बँड बदलायच्या बटणावर. ही एक मोठ्या चकतीशेजारी... वहिनी, नटवायला कुणी अशा जागा निवडत नाही. डोळे मिटा आणि बोट फिरवा इथून.

कोकिळा : कसाले?

प्रेमराज : फिरवा तर खरं.

कोकिळा : खडा लागतो बोटाले. ही एक... या दोन... प्रेमराजभाऊ?

प्रेमराज : सर पेपर वाचतात का हो?

कोकिळा : मीच वाचून दाखवते. म्हणे, तुझ्या तोंडून बातमी बरी वाटते. मी येडी, खूश झाले. आन् परवा दारात कमलबाई आली, तर हे म्हणाले, "ये भूषण." मस्करी वाटली आम्हाले. दोघी हसलो आम्ही. पोट धरून हसलो हो.

अमृत : (आंघोळ करून आत येत) कोण हसतंय? प्रेमराज, चहा झाला का? माइक विसरू नकोस, खुंटीला टांगलाय.

प्रेमराज : नेतो सर. त्याआधी तो नवा सेट जरा सुरू करून दाखवा ना. तुमच्या हातून बघू द्या आयकॉम.

अमृत : लाइट गेलेली दिसते.

कोकिळा : डोक्यावर पंखा फिरतोय.

अमृत : मग व्होल्टेज कमी असेल. आज राहू दे.

कोकिळा : अहो, इकडे पहा. माझ्याकडे. आज कोणती टिकली लावली मी?

अमृत : हे काय पाहुण्यासमोर!

कोकिळा : प्रेमराजभाऊ घरचे शेत. सांगा.

अमृत : लाल. नेहमीची. छान दिसतेय.

प्रेमराज : सर...

कोकिळा : लावलीच नही मी आज. पाकीट संपलं. तुमच्या येसूले लागल्या बठ्ठ्या.

अमृत : (खुर्ची चाचपून बसत) कळलं तर तुला.

कोकिळा : कवापासून?

अमृत : गेल्या उन्हाळ्यापासून वाढलं. कडेकडेचं दिसतं. चालता येतं, ताट दिसतं. पण ज्याच्याकडे सरळ बघावं, नेमकं तेच जातं.

कोकिळा : आन् डॉक्टर?

अमृत : पेन्शनच्या कामाला म्हणून जळगावला गेलो होतो ना, तेव्हा दाखवलं. गेलं ते परत येणार नाही म्हणाले. राहिलेलं टिकवायला इंजेक्शनं घ्यावी लागतील.

कोकिळा : घेतली?

अमृत : त्याला सोबत माणूस लागतं. सोबत नेलं असतं तर तुला कळलं असतं. तुला कळलं की भूषणला. आणि भूषणला कळलं की आपलं बिऱ्हाड पुण्याला. तिथे सातव्या मजल्यावर अँटेनाची तार कोण बांधू देणार? सकाळी उठून मी कुणाशी बोलू?

प्रेमराज : म्हणून आयकॉम बंद.

अमृत : सेट उत्तम आहे रे. पण काचेवरून बोट फिरवलं तर बोटाला काय कळणार? येसूचं प्रत्येक बटण हाताखालचं. तरी अलीकडे चुकायला लागलो, म्हणून टिकल्या. भूषण पुढच्या आठवड्यात येतोय. टिकल्या पाहून त्याने चार प्रश्न विचारले असते. म्हटलं, ती तुझ्याकडे जाऊ दे.

प्रेमराज : आणि मी इतकी वर्षं समजत होतो, तुम्ही आवाजासाठी भांडता.

अमृत : आवाज तुझ्या आयकॉमचाही चांगला आहे. आज एकदाच म्हणतो. हवेवर म्हणणार नाही.

कोकिळा : तुमची गंमत राहू द्या. मी यांच्याशी बोलते आहे. अहो, एवढं मोठं झालं आन् मले नही सांगितलं? या येसूपासून नही लपवलं, माझ्यापासून लपवलं?

अमृत : चुकलं माझं, कोकिळा. भ्यालो होतो.

कोकिळा : जळगावले आपण दोघं जाऊ. याच आठवड्यात. भूषणले मी सांगते, त्याची आई अजून धडधाकट शे, बापाले सांभाळाले. एरंडोल सोडायचं नही. प्रेमराजभाऊ, काय पाहताय? वायरी लावा परत.

प्रेमराज : लावतो, वहिनी. सवत राहिली म्हणायची.

कोकिळा : राहू द्या. तिच्यामुळे तर माणूस बोलतो. थांबा, ही आवाजाची टिकली सुटायले आली. आरशावर माझी एक चिकटवलेली शे, ती आणते.

अमृत : खड्याची?

कोकिळा : खड्याची. शेवटची.

अमृत : मग तुला?

कोकिळा : मले कोन पाहतं आते?

अमृत : तूच लाव ती. मी बोटानं पाहीन.