पह्यले उठलं कोण?

...नाई नाई, तुमी आधी मले हे सांगा, बसलेल्या माणसाचे पाय त्याले न इचारता चालाले लागतात का? नाई ना? मंग सारं मलकापूर माह्याकडं बोट दाखवून काऊन हासून राह्यलं? अरे, आमी बसलो होतो! खुर्चीवर, पाठ टेकून, साहेबावानी बसलो होतो, साऱ्याइनं पाह्यलं! मंग पह्यले उठलं कोण? तेच मले आजवर समजलं नाई बाप्पा!

आता तुमी म्हणसान, नारायण मास्तर, बसाचं एवढं काय कौतुक? तं तुमाले सांगतो, माहा धंदा ब्यांडाचा. गळ्यात पट्टा, पोटावर मोठा ढोल. हा ढोल बडवत म्या या मुलखातले अर्धे नवरदेव मारोतीच्या पाया पडाले नेले असतीन. नवरदेव घोड्यावर, त्याचा बाप छकड्यात, मामा छत्रीखाली, अन् ब्यांडवाला? पायी! लगन लागलं, पंगत बसली, तं साऱ्याइले 'बसा हो बसा, सरकून घ्या, भाताले या', अन् आमाले? 'ए ब्यांडवाले, तिकडं उभे राहा, पंगत उठू द्या!' पंगत उठली का आमच्या पानावर वरण पडते न पडते, तं वरात निघाली, चाल! गुडघ्याचा असा खुळखुळा झाला का सोजरा, म्हंजे माही घरवाली, तेल चोळता चोळता म्हणे, "तुमी ढोल कायले नेता हो? निस्ते गुडघे वाजवा ना!"

अन् अशात महादेवराव शेठचा सांगावा आला. महादेवराव म्हंजे दारूचे ठेकेदार. त्या साली नागपूरच्या सरकारनं ठेक्याचे लिलाव केले, शेठनं ईर्षेनं बोली चढवली, गुत्ता तं घेतला, पण गिऱ्हाईक? कापसाच्या गाड्यावर गाड्या येऊन राह्यल्या, गाडीवान सरकी काढाच्या जिनात कापूस टाकत अन् सरळ स्टेशनाकडच्या दुसऱ्या गुत्त्यावर! याच्या दारात कुत्रं नाई! शेठ मले म्हणते, "मास्तर, म्या मुंबईले पाह्यलं. साहेब लोक खाते, पेते, अन् कोपऱ्यात ब्यांड वाजते. ब्यांड आयकत कोणी उठतच नाई, घंटा-घंटाभर! आपल्याले तसंच पायजे. दर बाजाराच्या दिवशी, कापसाचा मोसम सरेपर्यंत. तुमी बसून वाजवा, गिऱ्हाईक बसून पेईन."

म्या म्हतलं, "बसून?"

"बसून."

"म्हंजे शेठ... चालाचं कोठून कोठपर्यंत?"

"अबे, चालाचंच नाई!"

खरं सांगतो, माह्या डोयात पाणी आलं. हासू नका! उभा मोसम बसून... बसून हो! घरी सोजरेले सांगतलं, तं बिचारीनं माहा लाल कोट धुतला, पितळेच्या गुंड्या राखेनं घासल्या, म्हणे, "आता बसलेले दिसान तुमी चार लोकात." दोघंबी त्या दिवशी असे खूष, जसा मलेच कोठला ठेका मिळाला!

बाजाराचा दिवस उजाडला. गेलो. ब्यांडाच्या नावानं गुत्ता गाडीवानाइनं भरलेला, अन् शेठनं खरंच खुर्च्या मांडलेल्या! हाताच्या, वेताच्या! मी बसलो. बाजूले मोतीराम, आमचा पिपाणीवाला, त्याच्या पलीकडं ताशेवाले अन् कर्णेवाला. शेठनं हात जोडले, "मास्तर, होऊ द्या!"

झालं ना, केलं सुरू... अन् बाप्पा, काय सांगू! ढोल मांडीवर आला, तं घुमेच ना. भिजल्या पोत्यावर काठी हाणावं तसा आवाज! टिपरू ढोलावर मारू जावं तं गुडघ्यावर बसे. मोतीरामचा सूर पार बसला. म्या इचारलं, "काऊन बे?" तं म्हणते, "मास्तर, पोट दुमडलं का दम दुमडते." ताशे कोठी चालले, कर्णा कोठी चालला, कोणाचा कोणाले मेळ नाई. लोक पेले खाली ठेवून पाहू लागले. एक गाडीवान म्हणते, "शेठ, कोणी गेलं का घरातलं?" शेठचं तोंड असं झालं... म्या मनात म्हतलं, नारायण, ही खुर्ची गेली बरं! आजच आली अन् आजच चालली!

मंग म्या काय केलं, डोये मिटले. डोये मिटून नवरदेव मारोतीले नेतानाची चाल धरली, आपली नेहमीची, हाताले पाठ हाय ते. अन् तुमाले सांगतो, जमलं! असं जमलं का इचारू नका! ढोल घुमाले लागला, पिपाणी अशी चढली, ताशे कडकड कडकड, लोक ओरडून राह्यले, "वाहवा मास्तर! होऊन जाऊ द्या! और एक बार!" शिट्ट्या काय, टाळ्या काय! म्या म्हतलं, पाहा शेठ, याले म्हणतात बसून वाजवणं! गार वाराबी लागाले लागला तोंडाले... अन् माह्या मनात आलं, गुत्त्यात वारा कोठून आला?

डोये उघडले. समोर लिंबाचं झाड. बाजूले तेल्याचं दुकान. अन् मागं? मागं सारा गुत्ता! एकूण एक माणूस, हातात पेला, कोणी नाचून राह्यलं, कोणी दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडून राह्यलं, अन् आमी पुढं चालून राह्यलो! म्या मोतीरामले ओरडून इचारलं, "अबे, उठला काऊन?" तो पिपाणी काढून म्हणते, "म्या कोठी उठलो? तुमी उठले म्हून..." म्या म्हतलं, "मी तं बसलोच होतो!" ताशेवाले म्हणते, आमी कर्णेवाल्याले पाहून उठलो. कर्णेवाला म्हणते, मले कोणीच सांगतलं नाई उठाचं का बसाचं! मंग पह्यले उठलं कोण?

तुमी म्हणसान, थांबाचं ना मंग! अहो, वरात मधातच थांबवते का कोणी? थांबलं का लोक अंगावर येतात. अन् ही वरात कोणाची, मलेच समजे ना! तेवढ्यात मागं कल्ला झाला. वळून पाहतो, तं पोरायनं पुंजाजी गाडीवानाले खांद्यावर घेतलेलं! पन्नाशीचा माणूस, तोंडात दात नाई, अन् कोणीतं त्याच्या पागोट्याले कापसाच्या बोंडाचं बाशिंग बांधलं! झालं, नवरदेवबी आला! रस्त्यावरचे लोक काय, वाटच पाहून राह्यतात! दुकानं टाकून निघाले. एक भला म्हातारा, टोपीवाला, मले थांबवून म्हणते, "कोणाचं पोरगं हो हे?" आता काय सांगू? म्या म्हतलं, "पाहुण्याकडचं हाय!"

पायाले मारोतीशिवाय दुसरी वाट ठाऊकच नाई, तं गेलो मारोतीपुढं. अन् मारोतीपुढं त्या दिवशी काय? बाजार! भाजीबाजार! रांगेनं साऱ्या बाया बसलेल्या, वांगे, मिरच्या, मेथी घेऊन. अन् त्याच्यात सत्यभामाबाई. कोण सत्यभामाबाई? पुंजाजीची घरवाली! तिनं वर पाह्यलं... खांद्यावर नवरा, डोक्याले बाशिंग, पुढं ब्यांड!

"माय वं!" अशी ओरडली का माह्या हातातलं टिपरू सुटलं. "माह्याच नवऱ्याची वरात, अन् मलेच सांगतलं नाई! कोण हाय ते सटवी? दाखव! नवरी दाखव मले!"

तं पुंजाजी वरून म्हणते, "अवं, मलेच नाई दाखवली अजून!"

मंग वांगे चालले. पह्यलं वांगं पुंजाजीले, दुसरं सरळ माह्या ढोलावर, धम्म! अन् तो आवाज आयकून बाकीच्या बायाइनं माना वर केल्या. आपापला माणूस दिसला ना हो साऱ्याइले, भर दिवसा, हातात पेल्यासकट! "तुमी गाडी सोडाले गेलते ना?" "बैलाले पेंड आणाले गेलते ना तुमी?" कोणी सदऱ्याले धरलं, कोणी कानाले धरलं. ज्याइच्या खांद्यावर पुंजाजी होता, त्याइच्याच बाया आल्या, तं खांदे खालून निघून गेले अन् नवरदेव मेथीत पडला. पाहता पाहता वरात साफ! एकेक गाडीत घातला अन् निघाल्या गावाले. राह्यलो आमी, ढोल घेऊन.

तेवढ्यात शेठ पळत आले, धोतराचा सोगा हातात. "माणसं कोठी हायेत?"

म्या म्हतलं, "गेले."

"तुमाले बसवलं होतं का नाई म्या? खुर्ची देल्ती का नाई?"

"देल्ती ना शेठ! आमी बसलोबी होतो! पण पह्यले उठलं कोण, ते..."

शेठनं पुढचं आयकलंच नाई. अन् मी तठीच मारोतीच्या पायरीवर टेकलो, तं मले रडूच आलं. नाई, गुडघ्यासाठी नाई. सोजरेनं गुंड्या घासल्या होत्या ना हो... तिले काय सांगू? का मले खुर्चीवर बसताबी येत नाई?

तं समोर सत्यभामाबाई. पुंजाजीले गाडीत बांधून आलेली, मागं दोन-चार बाया. म्या ढोल आडवा धरला, म्हतलं आता काय फेकते! तं ते म्हणते, "मास्तर, पुढच्या बाजाराले येजो."

"कोठी?"

"गुत्त्यावरून. असाच वाजवत. बिदागी म्हून भाजी आमची, ज्वारी आमची, पण येजो. माहं माणूस बाजाराच्या दिवशी कधी उजेडात घरी आलं नवतं भाऊ, आज चाललं."

म्या म्हतलं, "माय, माहे गुडघे पाह्य. मले बसाचं हाय वं."

तं ते म्हणते, "तू बसला का आमचे माणसं बसतात. तू उठला का उठतात. आता तूच सांग, तुले बसू कसं द्यावं?"

घरी येऊन सोजरेले इचारलं, तं ते कोटाची गुंडी घासत म्हणते, "जा ना मंग. मी तेल जास्तीचं आणतो."

तवापासून दर बाजाराले चालून राह्यलो बाप्पा. अन् दर बाजाराले शेठ दारात खुर्ची घेऊन उभे. हात जोडतात, पाया पडाले येतात, "मास्तर, बसा हो! घडीभर बसा! तुमच्या पाया पडतो, पण बसा!" उभ्या जलमात मले मानानं 'बसा' म्हणणारं एकच माणूस भेटलं... अन् त्याच्याच दारावरून मले चालत जा लागते!